देवळीतला फोन

कर्ज हवंय का, असं विचारणाऱ्या बाईचा फोन सुयोग मोकाशीला गाडी चालवताना हमखास लागायचा. बायकोचा लागायचा नाही.

ही गोष्ट कल्याणीच्या लक्षात यायला दोन-अडीच महिने गेले. आधी तिला वाटलं, घाटात रेंज नसेल. मग वाटलं, कामात असेल. पण एका दुपारी तिनं शेजारच्या शिर्के काकूंच्या फोनवरून नंबर लावला आणि पहिल्याच रिंगला सुयोगचा आवाज आला, "बोला काकू!" तिनं तसाच फोन ठेवला आणि लगेच स्वतःच्या फोनवरून लावला. एक मंजुळ आवाज म्हणाला, "आपण ज्यांना फोन केला आहे ते सध्या वाहन चालवत आहेत. आपला निरोप योग्य वेळी पोहोचवला जाईल." त्या आवाजात इतका गोडवा होता की ऐकणाऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात जावी.

संध्याकाळी सुयोग घरात शिरला तेव्हा कल्याणी भाकऱ्या थापत होती, आणि थापण्याच्या आवाजावरूनच त्यानं ओळखलं की आज आपलं काही खरं नाही.

"शिर्के काकूंचा लागतो. कर्जवालीचा लागतो. तुझ्या त्या टायरवाल्याचा लागतो," ती परातीकडे बघतच म्हणाली. नानांसमोर ती त्याला 'अहो' म्हणायची, पण स्वयंपाकघरात दोघंच असले की तो 'तू' व्हायचा. "माझाच का लागत नाही?"

"अगं, ते मी नाही करत. देवळी करते."

"देवळीला माझं काय वावडं?"

याचं उत्तर सोपं नव्हतं. देवळी हे काही त्या वस्तूचं कागदोपत्री नाव नव्हे. कागदोपत्री ती 'अवधान-धारक' होती, पण ते नाव कुणाच्या जिभेवर बसेना. पूर्वी लोक गाडीत फोन वाटेल तिथं ठेवत. कुणी मांडीवर, कुणी गियरपाशी, काही महाभाग तर थेट वेगाच्या काट्यापुढे. ताशी साठच्या वेगानं जाणारी गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढे जाते. मांडीवरचा निरोप वाचायला नजर खाली जाऊन वर आली, की तेवढ्या दोन सेकंदांत सात-आठ बैलगाड्या एकामागे एक उभ्या राहतील एवढा रस्ता माणसानं आंधळ्यासारखा कापलेला असतो. मेलेल्यांचे आकडे वाढत गेले तेव्हा नियम आला. फोन डॅशबोर्डवरच, काचेच्या खालच्या कडेला, चालवणाऱ्याच्या नजरेच्या रेषेत, ठरलेल्या खोबणीत बसवायचा. तो बसल्याशिवाय गाडी सुरूच होणार नाही. आता त्या जागी निम्म्या महाराष्ट्राच्या गाडीत गणपती असायचा. देवाला उठवून तिथं फोन बसला, आणि लोकांनी त्या खोबणीला नाव ठेवलं देवळी.

पण जागा बदलून भागलं नाही. नजर रस्त्यावर असली म्हणजे मनही रस्त्यावर असतंच असं नाही, हे संशोधकांच्या ध्यानात आलं. गप्प पडलेला फोनसुद्धा मनाचा एक कोपरा अडवून बसतो. कुणाचा तरी फोन येईल, ही नुसती वाट बघणंही लक्षातला वाटा खातं. मनावर भार आला की डोळ्यांच्या बाहुल्या किंचित मोठ्या होतात, नाडी चढते, तळहाताला बारीक घाम येतो. हे मोजणं अवघड नव्हतं. देवळीतला एक कॅमेरा रस्ता बघायचा, दुसरा बाहुल्या, आणि स्टिअरिंगवरची पट्टी नाडी आणि घाम. महिनाभरात देवळीला कळायचं की कुणाचं नाव पडद्यावर उमटलं की या माणसाला केवढा धक्का बसतो आणि त्याचं मन पुन्हा रस्त्यावर यायला किती वेळ लागतो. ज्याचा धक्का लहान, त्याचा फोन सोडायचा. ज्याचा मोठा, त्याचा गाडी थांबेपर्यंत अडवून धरायचा. परक्यांना दार उघडं आणि घरच्यांना कडी, असा हा न्याय होता. पण त्यानं अपघात खरोखर कमी झाले, त्यामुळे त्याला नावं ठेवायला तोंड नव्हतं.

हे सगळं सुयोगनं आपल्या परीनं सांगितलं. कल्याणी ऐकत होती. मग तिनं पहिल्यांदाच मान वर केली.

"म्हणजे माझं नाव दिसलं की तुला धक्का बसतो."

"जीव आहे म्हणून बसतो गं."

"खरं?"

"यंत्र कशाला खोटं बोलेल?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. राग पुरता गेला नव्हता, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं होतं. "मग माझ्यावरचा जीव जरा कमी कर," ती म्हणाली. "निदान सिलिंडर संपल्याचं तरी कळवता येईल."

सुयोग मोठ्यानं हसला. मग त्यानं तिला तातडीचं सांगितलं. अगदीच अडलं तर फोनमध्ये मोठ्यानं 'तातडी' म्हणायचं. मग देवळी धक्काबिक्का काही बघत नाही, फोन तसाच आत सोडते.

बाहेरच्या खोलीतून नानांचा आवाज आला, "कोण आलंय गं?"

"तुमचा मुलगा आलाय, नाना," कल्याणीनं त्या दिवशी कितव्यांदा तरी सांगितलं.

नाना म्हणजे सुयोगचे वडील. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर जन्म गेला. आता ऐंशीला टेकले होते आणि डोक्यातल्या एकेका खोलीचा दिवा मालवत चालला होता. आधी नातीचं नाव गेलं. ती पुण्याला शिकायला होती. मग कैलासवासी बायकोचं गेलं. जेवलो की नाही, हेही राहीना. एकच शब्द काही केल्या पुसला जात नव्हता. तो शब्द होता 'निघालो'.

आपल्याकडे निघालो की फोन करायचा आणि पोहोचलो की फोन करायचा, हा धर्मच आहे. सुयोग कराडला वसतिगृहात राहून शिकत होता तेव्हा शनिवारी दुपारी एसटीत बसण्याआधी घरी फोन करायचा, "नाना, निघालो." नाना ताबडतोब सायकल काढायचे आणि वाघजाई फाट्यावर जाऊन उभे राहायचे. एसटी थांबली की पोराची पेटी कॅरिअरला बांधायची, पोराला पुढे दांडीवर घ्यायचं आणि घरी आणायचं. पोरगा कमावता झाला, त्याची गाडी आली, तरी म्हाताऱ्याचं फाट्यावर घ्यायला येणं काही सुटलं नव्हतं. आता आजारात तर कानावर 'निघालो' पडायचा अवकाश, नाना चपला शोधायला लागायचे. दोनदा थेट फाट्यापर्यंत पोहोचले होते. दोन्ही वेळा ओळखीच्यांनी धरून घरी आणलं.

त्यातून रस्ता पूर्वीचा राहिला नव्हता. महामार्ग रुंद झाला तसं गावाचं वळण दोन किलोमीटर पुढे, कालव्याच्या पुलापलीकडे गेलं. वाघजाई फाट्यावर आता एसटी थांबत नव्हती. एक रसवंती, एक मोडका थांबा आणि भन्नाट वेगानं जाणारी वाहनं, एवढंच तिथं उरलं होतं. नानांच्या डोक्यात मात्र फाटा जुन्या जागीच होता.

म्हणून घरात नियम झाला. तो शब्द उच्चारायचा नाही. सुयोग कामावरून सुटला की फोन करून म्हणायचा, "काम झालं." कल्याणी म्हणायची, "बरं." एवढ्यात सगळं आलं.

त्याचं काम म्हणजे डायलिसिसची यंत्रं दुरुस्त करणं. कराड, पाटण, चिपळूण, मधला कुंभार्ली घाट. आठवड्यातले पाच दिवस गाडीत. कंपनी देवळीवरून प्रत्येकाच्या लक्षाचा आकडा काढायची. फोनचा धक्का बसला की आकडा उतरायचा. नजर कडेला दीड सेकंदाहून जास्त रेंगाळली की स्टिअरिंग तळहातात थरथरायचं आणि आकडा आणखी उतरायचा. सुरुवातीला सुयोगला या थरथरीचा वैताग यायचा. करवंदवाल्या बाया, कडेला उलटलेला ट्रक, कुणाची तरी वरात, काही म्हणजे काही बघायची सोय नाही. वर्षभरात नजरेला वळण लागलं. टांग्याच्या घोड्याला झापडं लावतात तसं झालं. कडेला काही दिसलं, की ते काय आहे हे कळायच्या आत डोळे आपोआप पुन्हा समोर यायचे.

गाडीतला पितळी गणपती त्यानं पुढच्या कप्प्यात ठेवला होता. नाना गाडीत बसले की सवयीनं डॅशबोर्डला हात लावून कपाळाला लावायचे. नमस्कार फोनला जायचा. दोघं नवरा-बायको हसायचे, आणि नानाही, आपण काहीतरी गमतीचं केलंय असं वाटून, हसायचे.

तातडीनं घात केला तो असा.

पहिल्यांदा कल्याणी 'तातडी' म्हणाली तेव्हा नानांनी दोन दिवस अन्नाला हात लावला नव्हता. पोराचा आवाज ऐकल्याशिवाय जेवणार नाही म्हणत होते. सुयोग चिपळूणचा मुक्काम आटपून परतताना ऐन घाटात होता. पडद्यावर लाल अक्षरं, पाठोपाठ तिचा चढलेला आवाज. त्याची नाडी उसळली, स्टिअरिंग थरथरलं, समोरून येणारी ट्रॅव्हल्स बस हातभरावरून गेली. "जेवा हो नाना," तो ओरडून म्हणाला. नाना जेवले. दुसऱ्यांदा नाना न्हाणीघरात आतून कडी लावून बसले होते. आणि तिसऱ्यांदा काहीच नव्हतं.

"काय झालं? नाना बरे आहेत ना?" त्यानं धसकून विचारलं होतं.

"बरे आहेत." ती म्हणाली. "सकाळपासून एकाच प्रश्नाचं उत्तर देतेय मी. तुझा आवाज ऐकावासा वाटला, बस."

"अगं, याला तातडी म्हणतात?"

"माझ्यासाठी होती," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बागवान मॅडमचा फोन आला. तो अर्थातच गाडीतच लागला. "मोकाशी, तुमचा आकडा तिसऱ्यांदा घसरलाय. तुम्ही चांगलं काम करता, म्हणून आधी सांगतेय. आणखी एकदा घसरला तर तुमची गाडी काढून घ्यावी लागेल. मग पुण्याला टेबलावर बसायची तयारी ठेवा."

पुण्याला! मागं एकदा नानांना आठवडाभर पुण्याला नेलं होतं. कारखान्याचा भोंगा का झाला नाही म्हणून ते रात्रंदिवस सोसायटीच्या जिन्यांतून फिरत होते आणि शेवटी दुसऱ्याच्या दारात बसून लहान पोरासारखे रडले होते. त्यांना इथून हलवणं म्हणजे मारणं, आणि इथं ठेवून आपण पुण्याला जाणं म्हणजे कल्याणीला मारणं. सुयोगला दुसरा मार्ग दिसेना. त्यानं पेट्रोल पंपावर गाडी उभी केली आणि देवळीच्या पडद्यावर कल्याणीचं नाव काढलं. 'या व्यक्तीची तातडी मान्य करावी का?' असा प्रश्न होता. त्यानं 'नाही' दाबलं.

तिला सांगायचं होतं. त्या संध्याकाळी सांगितलं असतं तर भांडण झालं असतं, आणि तो दमला होता. उद्या सांगू म्हणाला. उद्या तिचं डोकं दुखत होतं. मग पाहुणे आले. काही गोष्टी सांगायच्या राहून जातात त्या अशाच; त्यात कपट नसतं, नुसता आळस असतो आणि थोडी भीती. त्या महिन्याचा त्याचा आकडा फार चांगला आला.

मे महिना लागला. ऊन असं की दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसू नये. कराडच्या एका दवाखान्यात दोन दिवस बंद पडलेलं यंत्र सुयोगनं दुपारपर्यंत सुरू करून दिलं. रांगेत ताटकळलेल्या एका आजीबाईनं त्याच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. तो खुशीत बाहेर पडला. समोरच हापूसची पेटी मिळाली, नानांचा जीव की प्राण. पेटी मागच्या सीटवर ठेवून त्यानं घरी फोन लावला.

"कल्याणी, निघालो बघ! नानांना म्हणावं, हापूस आणतोय!"

म्हणाला आणि त्यानं जीभ चावली. तिचे हात कुरडयांच्या चिकात असणार, फोन स्पीकरवर असणार.

"अरे!" ती दबक्या आवाजात म्हणाली. "झोपलेत वाटतं. डोळे मिटलेले आहेत. ये तू सावकाश."

सुयोगनं सुटकेचा श्वास टाकला, फोन देवळीत बसवला आणि गाडी सुरू केली.

महामार्ग मोकळा होता. देवळीचा दिवा हिरवा होता. नजर समोर, हात स्थिर, मन थंडगार. देवळीला हवा असतो तसा शहाणा चालक होऊन तो चालला होता. मधेच फोन वाजला. कर्जवाली बाई. "सर, फक्त दोन मिनिटं घेईन—" "नको हो ताई," तो हसून म्हणाला. वाघजाई फाटा जवळ आला तेव्हा डाव्या कडेला मोडक्या थांब्यापाशी कुणीतरी म्हातारा उभा दिसला. अंगात निळा टीशर्ट, डोक्यावरून टॉवेल घेतलेला. त्यानं हात पुढे केला होता, पंजा खाली करून, पूर्वी एसटीला दाखवायचे तसा. सुयोगची नजर त्याच्यावर गेली. स्टिअरिंग तळहातात थरथरलं. नजर समोर आली.

कडेला हात दाखवणारी माणसं काय कमी असतात? गाडी पुढे गेली.

घराचं दार सताड उघडं होतं. गच्चीवर कुरडया अर्ध्याच घातलेल्या. आत कुणी नाही. सुयोगनं गाडी बंद केली तशी देवळीनं अडवून धरलेले निरोप धडाधड सोडायला सुरुवात केली. सगळ्यांवर एकच नाव होतं.

"सुयोग, तातडी. नाना घरात नाहीत. मी गच्चीवर होते." "तातडी, अरे तातडी म्हणतेय मी! फाट्याकडेच गेले असणार. तुझा निळा टीशर्ट घातलाय त्यांनी, धोतर धुवायला टाकलंय. येताना बघ, तुझ्या वाटेवरच आहेत ते." आणि शेवटच्या निरोपात ती रडत होती. "ही बया तेच तेच बोलतेय रे. योग्य वेळी, योग्य वेळी. तू उचलत का नाहीस? तातडी."

निळा टीशर्ट. त्यानं गाडी वळवली तेव्हा मागच्या सीटवरची पेटी घरंगळली आणि आंबे खाली सांडले.

फाट्यावर कुणीच नव्हतं. रसवंतीवाली बाई सावलीतून उठून गाडीपाशी आली. "म्हाताऱ्याला शोधताय व्हय? लई येळ हुबं हुतं उनात. म्या म्हनलं, बसा आत, रस घ्या. तर म्हनलं, पोरगं यायचंय, पेटी जड असती त्याची."

"कुठं गेले?"

"तुमच्यासारखीच गाडी गेली बगा मगाशी. म्हातारं लई खुश झालं. म्हनलं, आलं माझं पोरगं. मी म्हनलं, आवो, गाडी तर थांबली न्हाई. तर म्हनलं, कामात आसंल, जातो मीच म्होरं. आन निगालं की गाडीमागं चालत."

ती जे बोलत होती ते सुयोगला कळत होतं आणि नको होतं.

नाना कालव्याच्या पुलाअलीकडे सापडले. रस्त्याच्या कडेला, जाताना दुभाजकाआड राहिलेल्या बाजूला, डांबरावर, एका कुशीवर. एक चप्पल पायात, एक बरीच मागं. कल्याणी शेताच्या वाटेनं धावत तिथं त्याच्या आधी पोहोचली होती आणि आपल्या पदराची सावली त्यांच्या तोंडावर धरून बसली होती. अंग तव्यासारखं तापलेलं होतं. दवाखान्यात नेईपर्यंत नाना गेले होते.

तेरावा झाल्यावर पोलीस चौकीतून बोलावणं आलं. अकस्मात मृत्यू म्हटलं की कागद पुरा करावाच लागतो. हवालदार वयस्क होते, बोलायला नरम. त्या दुपारी फाट्यावरून गेलेल्या गाड्यांच्या देवळ्यांमधलं चित्रण त्यांनी मागवलं होतं. "तुमच्याच गाडीत नीट दिसतंय साहेब," ते चाचरत म्हणाले. "बाईंनी नाही बघितलं तरी चालेल."

"मी बघणार," कल्याणी म्हणाली.

पडद्यावर रस्ता धावू लागला. त्यावर एक पांढरा ठिपका नाचत होता. चालवणाऱ्याची नजर जिथं, तिथं ठिपका. खाली नाडीची हिरवी रेघ सरकत होती. फाटा आला. थांब्याजवळ निळा टीशर्ट, पुढे केलेला हात. ठिपका रस्त्यावरून उडाला आणि नानांच्या तोंडावर जाऊन बसला. अगदी तोंडावर. टॉवेलखालचा हसरा चेहरा, दातांची खिंड, सगळं स्वच्छ दिसत होतं. ठिपका तिथं टेकला, हलला आणि पुन्हा रस्त्यावर आला. खालची हिरवी रेघ होती तशी सरळ होती. तिच्यात तिळाएवढासुद्धा उंचवटा आला नाही.

माझं नाव पाहून उसळणारी नाडी बापाचं तोंड बघून का उसळली नाही, असं कल्याणी विचारील, याची सुयोग वाट बघत राहिला. तिनं ते विचारलं नाही.

"मी तेव्हा फोन करत होते," ती हवालदारांना म्हणाली. "तातडी म्हणत होते. ते यात दिसतं का?"

हवालदारांनी खालची दुसरी पट्टी मोठी केली. त्यात कर्जवालीचा फोन होता, सोडलेला. त्याच्या आगेमागे कल्याणीचे फोन होते, अडवलेले. प्रत्येकापुढे कारण लिहिलेलं होतं. हवालदारांनी ते आधी मनात वाचलं आणि मग पडदा बंद करायला हात पुढे केला, पण तोवर तिनंही वाचलं होतं. 'तातडी : चालकाने बंद केली आहे.'

घराच्या दारात आल्यावर सुयोगनंच तोंड उघडलं. पुण्याला जायला लागू नये म्हणून केलं, नानांसाठीच केलं, सांगणार होतो, रोज सांगणार होतो. शब्द त्याचे त्यालाच पोकळ वाटत होते. तो रडत होता.

"माहीत आहे," कल्याणी म्हणाली. "तू वाईट नाहीस. पण मी घसा फोडून ओरडत होते, सुयोग, आणि मला वाटत होतं की माझं ओरडणं तुझ्यापर्यंत पोहोचतंय. ते बंद दारावर आपटत होतं. दार तू लावलं होतंस आणि मला सांगितलंही नव्हतंस."

त्यानं तिचा हात धरायला हात पुढे केला. तिनं आपला हात सोडवून घेतला नाही. नुसता राहू दिला, आणि ते जास्त वाईट होतं.

महिनाअखेरीला कंपनीचं अभिनंदन आलं. सबंध विभागात सुयोगचं लक्ष सर्वांत चांगलं होतं. आता पुण्याला जायची भीती नव्हती आणि न जायचं कारणही राहिलं नव्हतं. त्यानं कल्याणीची तातडी चौकीतून आल्याच्या रात्रीच पुन्हा सुरू केली होती. ती काही तिनं वापरली नाही. तो कामावरून सुटल्यावर घरी फोन करीनासा झाला. काय म्हणायचं? 'काम झालं' हे शब्द ज्यांच्यापासून निघणं लपवण्यासाठी होते ते उरले नव्हते, आणि दुसरा शब्द त्याच्या तोंडातून फुटत नव्हता.

घर चालू होतं. ती डबा द्यायची, तो न्यायचा. तो काय हवं नको विचारायचा, ती सांगायची. भांडण म्हणून उरलं नव्हतं. मुलगी सुटीत आली तेव्हा म्हणाली, "तुम्ही दोघं किती शांत झालात." दोघांनी मान डोलावली.

दिवाळी तोंडावर आली होती. सुयोग चिपळूणचं काम आटपून परत येत होता. घाटातलं अवघड वळण, समोर लाकडांनी भरलेला ट्रक. देवळीत फोन वाजला. पडद्यावर नाव आलं, कल्याणी.

अक्षरं लाल नव्हती. तातडी नव्हती. साधा, इतरांचा येतो तसा फोन होता आणि देवळीनं तो सरळ आत सोडला होता. इतक्या दिवसांत असं पहिल्यांदाच घडत होतं. फोन उचलण्याआधीच सुयोगला त्याचा अर्थ कळला. कळला आणि तरीही स्टिअरिंग थरथरलं नाही.

"हॅलो."

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. ती निरोप ठेवायच्या तयारीनं बसली असणार.

"अहो," ती म्हणाली. घरात ती एकटीच होती, तरी 'अहो' म्हणाली. "लागला तुमचा फोन."

"हो."

"पहिल्याच रिंगला."

तिनंही या देवळीची सगळी गणितं एके काळी त्याच्याच तोंडून, भाकऱ्या थापताना ऐकली होती.

"माझ्याच फोनवरून लावलाय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. "शिर्के काकूंच्या नाही. येताना गिरणीतून दळण घेऊन या. चकलीची भाजणी आहे."

"आणतो."

समोरचा ट्रक वळणावर हळू झाला. सुयोगनं बरोबर अंतर राखून ब्रेक दाबला. नजर समोर होती, हात स्थिर होते आणि देवळीतला दिवा हिरवागार होता.

"गाडी नीट चालवा," कल्याणी म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.